इस्मत चुगताई : प्रेमकथेच्या पडद्याआडचा जातीचा प्रश्न

उर्दूतल्या प्रेमकथा आणि त्यांच्यावर निघालेले चित्रपट, मालिका हा आंबेडकरी दैनिकाच्या स्तंभाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मनोरंजनाच्या पानावरचा हा विषय वैचारिक पानावर कशासाठी? माझे उत्तर साधे आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह आणि त्याच्या आड येणाऱ्या शास्त्रांचे पावित्र्य नाकारणे, या दोन गोष्टी मांडल्या. मग कोणी कोणावर प्रेम करावे, कोणाशी लग्न करावे आणि ठरलेली रेघ ओलांडली तर शिक्षा काय, हे शिकवणारी प्रत्येक कथा, प्रत्येक सिनेमा आणि प्रत्येक मालिका जातीच्या प्रश्नाला हात घालते किंवा त्याच्यावर पांघरूण टाकते. तिसरा मार्ग नाही. म्हणूनच उर्दूतली मोठी लेखिका इस्मत चुगताई यांचे आयुष्य आपण तपासून पाहिले पाहिजे. त्यांनी प्रेमकथा लिहिली, तिचा सिनेमा केला, न्यायालयात आरोपी म्हणून उभ्या राहिल्या आणि मेहतरांच्या घरातली कथाही लिहिली. त्यांचे मोठेपण मान्य करायचे आणि त्यांच्या मर्यादेवर बोटही ठेवायचे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इस्मत यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१५ रोजी उत्तर प्रदेशातील बदायूँ येथे झाला. वडील मिर्झा कसीम बेग चुगताई हे इंग्रजी राजवटीत अधिकारी होते. दहा भावंडांत इस्मत नवव्या. घराणे मोगल वंशाचा अभिमान सांगणारे, म्हणजे मुसलमान समाजातील अशराफ वर्गातले. मुसलमानांत जात नाही असे भाबडेपणाने सांगितले जाते. परंतु अशराफ, अजलाफ आणि अरजल ही उतरंड १९०१ च्या बंगालच्या जनगणनेत नोंदली गेली आणि बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली. २००६ साली सच्चर समितीच्या अहवालानेही तीच उतरंड देशापुढे मांडली. इस्मत या उतरंडीच्या वरच्या पायरीवर जन्मल्या, हे लक्षात ठेवूनच पुढे गेले पाहिजे.

परंतु वरच्या पायरीवरच्या घरातही मुलीची पायरी खालचीच असते. थोरल्या बहिणींची लग्ने होऊन त्या सासरी गेल्या आणि इस्मत भावांच्या सहवासात वाढल्या. हुतुतू, झाडावर चढणे, घोड्यावर बसणे हे सगळे केले. भाऊ अझीम बेग चुगताई हे त्या काळचे नाव असलेले लेखक. त्यांनीच या मुलीला वाचनाची गोडी लावली. पुढे घरात लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा इस्मत यांनी शिकायचेच म्हणून हट्ट धरला. शिकू दिले नाही तर घर सोडून मिशनच्या शाळेत जाईन आणि ख्रिस्ती होईन, अशी धमकी त्यांनी प्रत्यक्ष वडिलांना दिली. वडील नमले आणि मुलगी अलीगढच्या शाळेत गेली.

या प्रसंगाकडे आपण नीट पाहावे. येवल्यात १९३५ साली बाबासाहेबांनी केलेली धर्मांतराची घोषणा आणि एका किशोरवयीन मुलीने शाळेसाठी दिलेली धमकी यांची तुलना होऊ शकत नाही. एक कोट्यवधी माणसांच्या मुक्तीचा निर्णय, दुसरा एका घरातला झगडा. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. जो धर्म, जी रूढी माणसाला ज्ञान नाकारते तिच्याबाहेर पाऊल टाकण्याची तयारी दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. सावित्रीमाईंवर पुण्यात शेण फेकले गेले. अलीगढला मुलींची शाळा काढणाऱ्या शेख अब्दुल्लांनाही मौलवींचा रोष पत्करावा लागला. शेण फेकणाऱ्यांचा धर्म कोणताही असो, भीती एकच असते, ती म्हणजे शिकलेल्या बाईची.

आग्र्यातील बालपणाची एक आठवण इस्मत यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. शेजारी एका लालाजींचे हिंदू कुटुंब राहत असे. त्यांची मुलगी सुशी ही इस्मत यांची मैत्रीण. एकदा जन्माष्टमीच्या दिवशी इस्मत त्यांच्या घरात गेल्या. पाळण्यातली बाळकृष्णाची मूर्ती इतकी आवडली की लेकराच्या मायेने ती उचलून घेतली. त्याबरोबर घरातल्या वडीलधाऱ्या बाईने ओरडून मूर्ती हिसकावली आणि या मुलीला घराबाहेर काढले. आपल्या वाचकांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. अधिकाऱ्याची मुलगी असली तरी देवघराच्या दारात ती विटाळच ठरली. विटाळाची ही कल्पना किती खोल आहे आणि ती धर्माच्या सीमा कशी ओलांडते, हे त्या वयातच त्यांना कळले.

१९३६ हे साल या गोष्टीत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण रद्द केले आणि ते त्यांनी स्वतः ग्रंथरूपाने छापले. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात लखनौला प्रगतिशील लेखक संघाची पहिली परिषद भरली. लखनौच्या इझाबेला थॉबर्न कॉलेजात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या इस्मत त्या परिषदेला हजर होत्या. तिथे त्यांना डॉ. रशीद जहाँ भेटल्या. या शेख अब्दुल्ला यांच्या कन्या. त्यांच्या कथा असलेला 'अंगारे' हा संग्रह १९३२ साली निघाला आणि धर्मभावना दुखावल्याच्या कारणावरून सरकारने १९३३ साली जप्त केला. रशीद जहाँच्या भेटीने इस्मत यांच्या लेखणीला वळण लागले. तोपर्यंत हिजाब इम्तियाज अली यांच्या पद्धतीच्या स्वप्नाळू प्रेमकथांचे वेड होते. मखमली पडदे, चांदणी रात्र, आजारी नायक आणि अबोल नायिका असा तो सारा कारभार. रशीद जहाँमुळे मोलकरीण, म्हातारी, विधवा, न शिकलेली पोर अशी खरी माणसे त्यांच्या कागदावर आली. पदवीनंतर त्यांनी अलीगढहून अध्यापनाची पदवी घेतली, बरेलीत मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि पुढे मुंबईत शाळा तपासनीस म्हणून आल्या.

याच सुमारास, १९४१ साली, त्यांची 'ज़िद्दी' ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. श्रीमंत घराण्यातला पूरन आणि त्याच घरात कामाला असलेली गरीब आशा यांची ही प्रेमकथा. घराण्याची अब्रू आडवी येते. पूरनचे लग्न बरोबरीच्या घरातल्या मुलीशी लावून दिले जाते. तो आतून खचतो, झिजतो आणि शेवट शोकाचा होतो. १९४२ साली इस्मत यांनी शाहिद लतीफ यांच्याशी लग्न केले. ते चित्रपटात लेखन करीत, पुढे दिग्दर्शक झाले. १९४८ साली बॉम्बे टॉकीजने 'ज़िद्दी' हा चित्रपट काढला. दिग्दर्शन शाहिद लतीफ यांचे, कथा इस्मत यांची. देव आनंद आणि कामिनी कौशल मुख्य भूमिकांत. या चित्रपटाने देव आनंद यांना नट म्हणून उभे केले. किशोरकुमार यांना गायक म्हणून पहिली संधी संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी याच चित्रपटात दिली. उर्दूतल्या एका तरुण लेखिकेची छोटी कादंबरी अशी देशभर पोहोचली.

आता आपला प्रश्न. 'ज़िद्दी'मध्ये भिंत आहे ती मालक आणि मोलकरीण यांच्यातली. गरीब-श्रीमंत हा शब्द तिथे मोकळेपणाने येतो. जात मात्र पडद्याआड राहते. हिंदी सिनेमाने हाच साचा उचलला आणि पुढची अनेक दशके चालवला. श्रीमंताचा मुलगा, गरिबाची मुलगी. कडक बाप, रडणारी आई. शेवटी एकतर मिलन नाहीतर मरण. या साच्यात गरिबी हा नशिबाचा भाग होतो आणि जातीचे नाव घ्यावे लागत नाही. खऱ्या आयुष्यात आडवी येते ती जातच. २०१४ साली नगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी त्याचे बोलणे होते एवढाच त्याचा गुन्हा. २०१७ साली सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. अशा प्रेमात नायक क्षयाने झिजून मरत नाही, त्याला भरदिवसा मारले जाते आणि मग गाव साक्षीला उभे राहत नाही. आंतरजातीय जोडप्यांची कागदपत्रे घेऊन विवाह नोंदणी कार्यालयात जाणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला ठाऊक आहे, की १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची नोटीस हीच त्या जोडप्यांना सर्वांत धोक्याची वाटते. नोटीस लागली की घरच्यांना पत्ता लागतो. कायद्याने दिलेला हक्क कायद्याच्याच एका कलमाने उघडा पडतो. प्रेमकथेने हे सांगायला हवे होते. 'ज़िद्दी'ने अर्धे सांगितले. तिच्यावर पोसलेल्या सिनेमाने तेवढेही सांगितले नाही.

इस्मत यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते मात्र प्रेमकथेमुळे नव्हे, खटल्यामुळे. १९४२ साली लाहोरच्या 'अदब-ए-लतीफ' या मासिकात त्यांची 'लिहाफ' ही कथा आली. लिहाफ म्हणजे रजई. नवाबाशी लग्न होऊन हवेलीत कोंडली गेलेली बेगमजान, तिच्याकडे ढुंकून न पाहणारा आणि तरुण पोरांत रमणारा नवाब, बेगमची सेवा करणारी रब्बू आणि हे सगळे न कळत्या वयात पाहणारी एक मुलगी, एवढीच पात्रे. रजईच्या सावल्या भिंतीवर हलतात, त्या पाहून मुलगी घाबरते. लेखिकेने एकही उघडा शब्द वापरला नाही. तरीही गदारोळ उठला. शिव्यांनी भरलेली पत्रे आली. १९४४ च्या डिसेंबरात लाहोरच्या न्यायालयाचे समन्स घेऊन पोलीस मुंबईच्या घरी आले. घरात तान्ही मुलगी होती. त्याच वेळी सआदत हसन मंटो यांच्यावरही 'बू' या कथेसाठी खटला होता. दोघे बरोबरच लाहोरला गेले. माफी मागा, दंड भरा आणि मोकळ्या व्हा, असा सल्ला घरातून आणि बाहेरून मिळत होता. इस्मत यांनी माफी मागितली नाही.

त्या सुनावणीचा वृत्तान्त त्यांनी पुढे लिहिला. प्रत्येक वकिलाने तो वाचावा. सरकार पक्षाच्या साक्षीदाराला कथेतला अश्लील शब्द दाखवा म्हणून सांगितले गेले. पुष्कळ शोधून त्याने बोट ठेवले ते मुली आशिक गोळा करतात अशा अर्थाच्या एका वाक्यावर. बचावाच्या वकिलाने विचारले की यातला कोणता शब्द अश्लील, गोळा करणे की आशिक? साक्षीदार म्हणाला, आशिक. चांगल्या मुली असे करीत नाहीत, असेही त्याने पुढे जोडले. मग वाईट मुलींनी केले तर चालेल काय, असा उलटप्रश्न आला आणि साक्षीदार गोंधळला. अखेर त्याने सांगितले की शब्द अश्लील नसेल, पण सुशिक्षित, घरंदाज बाईने असे लिहिणे निंद्य आहे. वकिलाने शांतपणे उत्तर दिले की मग निंदा करा, ते कायद्याच्या कक्षेत येत नाही. खटला तिथेच कोसळला. इस्मत सुटल्या.

घरंदाज बाईने लिहू नये, हा या खटल्याचा खरा आरोप होता. भारतीय दंड विधानाचे कलम २९२ हे केवळ निमित्त. १८६८ साली इंग्लंडमध्ये हिकलिन खटल्यात अश्लीलतेची एक कसोटी ठरली. ज्यांची मने वाईट प्रभावाला बळी पडू शकतात त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती लेखनात आहे काय, अशी ती कसोटी. म्हणजे समाजातला सर्वांत कच्च्या मनाचा माणूस मोजमापाला घ्यायचा आणि त्यावरून लेखकाला शिक्षा द्यायची. मुंबईच्या एका पुस्तक विक्रेत्याच्या, रणजित उदेशी यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हीच कसोटी काही बदल करून स्वीकारली. ती सोडायला २०१४ साल उजाडावे लागले; अवीक सरकार खटल्यात समाजाच्या समकालीन मापदंडाची कसोटी लावली गेली. १ जुलै २०२४ पासून दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी तोच गुन्हा कलम २९४ म्हणून कायम आहे.

इथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. इस्मत यांच्या खटल्याच्या दहा वर्षे आधी, १९३४ साली, मुंबईत र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना कर्वे यांनी शास्त्रीय उत्तरे दिली होती. त्यांत समलिंगी आकर्षणाचाही प्रश्न होता. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. परंतु हरलेला युक्तिवाद मरत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात सज्ञान व्यक्तींमधील सहमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, तेव्हा आधार घेतला तो संवैधानिक नीतिमत्तेचा, म्हणजे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संकल्पनेचा. बेगमजानच्या रजईपासून या निकालापर्यंतचा रस्ता बाबासाहेबांच्या विचाराच्या वाटेवरून जातो, हे आपल्या तरुण वकिलांनी अभिमानाने सांगितले पाहिजे.

खटल्यानंतर इस्मत यांचा मुक्काम मुंबईतच राहिला. फाळणीत मंटो पाकिस्तानात गेले, इस्मत गेल्या नाहीत. शाहिद लतीफ यांच्यासोबत त्यांनी 'आरज़ू' (१९५०), 'बुज़दिल' (१९५१) यांसारखे चित्रपट केले. १९५८ साली 'सोने की चिड़िया' आला. नूतन, तलत महमूद आणि बलराज साहनी यांच्या भूमिका. नातेवाइकांच्या आणि प्रियकराच्याही लोभाला बळी पडणारी, साऱ्यांना पोसणारी आणि तरीही स्वतःच्या कमाईवर व मनावर हक्क नसलेली नटी, हा त्याचा विषय. सिनेमातल्या गरीब एक्स्ट्रा कलाकारांचे हालही त्यात आले. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही नटी परकी वाटणार नाही.

त्याच १९५८ साली, त्याच मुंबईत, दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. एकाच शहरात दोन लेखक. एक चर्चगेटला राहणारी, एक घाटकोपरच्या चिराग नगरच्या झोपडपट्टीत. दोघेही डाव्या विचाराच्या वर्तुळातले, दोघांच्याही कथांवर चित्रपट निघाले. अण्णा भाऊंची 'वैजयंता' आणि 'फकिरा' पडद्यावर आली, पण त्यांची झोपडी पक्की झाली नाही आणि १९६९ साली ते हालअपेष्टांतच गेले. हा दोष इस्मत यांचा नव्हे. परंतु प्रगतिशील चळवळीतही कोणाला इमारत मिळाली आणि कोणाला झोपडी, याचा हिशेब जातीशिवाय लागत नाही, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता त्यांच्या 'दो हाथ' या कथेकडे वळू. ही कथा मेहतर कुटुंबाची. म्हातारी मेहतराणी मोठ्या घरांचे संडास साफ करते. तिचा मुलगा राम अवतार लढाईवर गेला आहे. सून गोरी तरुण आहे. घरात नवऱ्याचा नात्यातला रतीराम येतो-जातो आणि गोरीला मूल होते. मोहल्ल्यातली सभ्य माणसे खवळतात. म्हातारीने सुनेला हाकलावे म्हणून दबाव आणतात. म्हातारी ऐकत नाही. सून गेली तर काम कोण करणार? मग सगळे वाट पाहतात की राम अवतार येईल आणि रक्तपात होईल. तो येतो, पोराला पाहून हरखतो आणि त्याच्यासाठी कपडे काढतो. मोठे साहेब त्याला बोलावून तारखांचा हिशेब समजावतात. तो खाली मान घालून सांगतो, की पोरगा मोठा होईल, त्याचे दोन हात कामाला येतील, म्हातारपणी आधार होईल. साहेब निरुत्तर होतात.

इभ्रत, औरस-अनौरस, कुळ, वारसा हे सगळे मालमत्तेचे शब्द आहेत, हे या कथेने दाखवले. ज्याच्याकडे वारशाला काही नाही त्याला पोराचा बाप कोण याची कागदपत्रे लागत नाहीत. मेहतराच्या झोपडीतली माणुसकी हवेलीतल्या सभ्यतेपेक्षा मोठी ठरली. एका अशराफ घरातल्या बाईने हे लिहिले, याचे मोल मी कमी लेखणार नाही.

परंतु आंबेडकरी वाचक इथे थांबत नाही. त्या दोन हातांचे पुढे काय? कथा त्या हातांचा गौरव करते, ते धरतीची घाण साफ करतात म्हणून. आमचा आक्षेप नेमका तिथे आहे. ते पोर मोठे होऊन तीच टोपली उचलणार, हे कथा गृहीत धरते आणि त्यावर करुणेचे पाणी शिंपडते. बाबासाहेबांनी घाणीच्या कामाचा गौरव केला नाही, ते सोडायला सांगितले. गावकीची कामे टाका, मेलेली ढोरे ओढू नका, पोरांच्या हातात पुस्तक द्या, हा त्यांचा आदेश होता. मैला वाहण्याला पुण्याई म्हणणारे गांधीजी आणि त्या हातांना सलाम करणारे पुरोगामी यांत हेतूचा फरक असेल, पण टोपली दोघांच्याही कथेत त्याच डोक्यावर राहते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ साली बंदीचा कायदा आला, २०१३ साली दुसरा आला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. तरीही गटारात उतरून माणसे मरतच आहेत. राम अवतारच्या पोराचे हात अजून मोकळे झालेले नाहीत. आणि पडद्यावर इस्मत यांच्या ज्या कथा नावाजल्या गेल्या, त्यांत 'दो हाथ' नाही, हेही ध्यानात घ्यावे. सिनेमाला पूरन आणि आशा हवे होते.

'गर्म हवा' या १९७३ सालच्या चित्रपटाची मूळ कथाही इस्मत यांची, तीही अप्रकाशित. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या सलीम मिर्झा यांचे घर, कारखाना, माणसे एकेक करून हातची जातात. मुलगी अमीना दोनदा प्रेमात फसते आणि नवरीच्या कपड्यांत जीव देते. मूळ कथेत नायक रेल्वेचा स्टेशनमास्तर होता. पटकथेवर काम करताना कैफी आझमी यांनी त्याला बुटांचा कारखानदार केले. रूपांतर म्हणजे काय ते इथे कळते. एक व्यवसाय बदलला आणि सबंध आग्रा शहर कथेत आले. दिग्दर्शक एम. एस. सथ्यू यांचा हा चित्रपट सेन्सॉरने कित्येक महिने अडवून धरला. पुढे त्याला राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला. मुसलमानांना भाड्याने घर नाकारणे, बँकेने कर्ज नाकारणे हे त्या चित्रपटाने जसे दाखवले तसे फार थोड्यांनी दाखवले असेल. ज्यांना बौद्ध म्हणून, दलित म्हणून घर नाकारले गेले आहे त्यांना सलीम मिर्झांचे दुःख आपले वाटेल.

मात्र आग्र्याचा बूट शिवतो कोण? मुख्यतः जाटव समाज. १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेब याच आग्र्यात येऊन बोलले आणि शिकलेल्या लोकांनी समाजाला दगा दिल्याची खंत त्यांनी इथेच व्यक्त केली. 'गर्म हवा'त मालक ठळक दिसतात, कारागीर मागे राहतात. फाळणीच्या दुःखाचा हिशेब मांडताना हातात आरी घेतलेला माणूस पुन्हा एकदा चौकटीच्या कडेला गेला.

१९६७ साली शाहिद लतीफ वारले. दोन मुलींना घेऊन इस्मत लिहीत राहिल्या. हैदराबादच्या घरंदाज मुलीची मुंबईत झालेली विक्री त्यांनी 'मासूमा' कादंबरीत मांडली. १९७६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७८ साली श्याम बेनेगल यांच्या 'जुनून'मध्ये त्यांनी भूमिकाही केली. २४ ऑक्टोबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे चंदनवाडीच्या स्मशानभूमीत त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. जन्मलेल्या धर्माचे कब्रस्तान नाकारून आपल्या देहाचा निर्णय आपणच घेण्याचा हक्क त्यांनी मरणानंतरही बजावला. त्यावरून टीका झाली. ज्यांना जिवंतपणी लेखणी रोखता आली नाही त्यांचा राग प्रेतावर निघाला, एवढेच.

उर्दू प्रेमकथेचा प्रवास त्यांच्यानंतर थांबला नाही. फरहत इश्तियाक यांच्या कादंबरीवरची 'हमसफर' ही २०११ सालची पाकिस्तानी मालिका २०१४ साली 'जिंदगी' वाहिनीवरून भारतात आली आणि घरोघर पाहिली गेली. भाषा गोड, पोशाख सुंदर, रडू भरपूर. गरीब घरातली सून आणि श्रीमंत सासर. म्हणजे पुन्हा तोच 'ज़िद्दी'चा साचा, फक्त इस्मत यांची धार काढून टाकलेला. आणि आपल्या मराठी वाहिन्या काय वेगळे दाखवतात? तिथेही आडनावे ठरलेली, देवघरे ठरलेली, सून ठरलेली. बौद्ध घरातली, शिकलेली, नोकरी करणारी मुलगी नायिका म्हणून किती मालिकांत दिसली, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरातल्या टीव्हीसमोर बसून करावा.

इस्मत चुगताई यांच्याकडून आपण काय घ्यायचे? माफी न मागण्याचे धैर्य घ्यायचे. अब्रू नावाच्या ढोंगाचा पदर फाडण्याची हिंमत घ्यायची. आणि त्यांनी जिथे थांबून करुणा व्यक्त केली, तिथून पुढचे पाऊल आपण टाकायचे. आपल्या विहारांतल्या ग्रंथालयांत त्यांच्या कथांना जागा द्या, महिला मंडळांच्या बैठकीत 'दो हाथ' वाचा आणि वाचून झाल्यावर विचारा, की त्या पोराच्या हातात आपण काय देणार? आपल्या लिहित्या मुला-मुलींनी प्रेमकथा लिहायला हवी, पटकथा लिहायला हवी. गटारात न उतरता न्यायालयात उभा राहिलेला राम अवतारचा मुलगा, आणि नोटिशीच्या तीस दिवसांत जीव मुठीत घेऊन, तरीही ठामपणे, सही करायला आलेली त्याची वधू ही आजची प्रेमकथा आहे. ती आपण लिहिली नाही, तर आपल्यासाठी दुसरे कोणी लिहिणार नाही.